द्रौपदीबाईंची रांग

आमच्या वसाहतीत शहाण्या पुरुषांची कधी टंचाई नव्हती. चार मजल्यांच्या इमारतीत चाळीस बिऱ्हाडं आणि दर बिऱ्हाडात एक तरी बाप्या असा, ज्याला देशाचं काय चुकतंय ते तोंडपाठ. आजकालच्या पोरांचं काय चुकतंय तेही तोंडपाठ: पोरं उलट बोलतात. पोरांना काय होतंय हे मात्र त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं नाक्यावरच्या दूधकेंद्रातल्या द्रौपदीबाईंना, आणि द्रौपदीबाई म्हणजे आमच्या शहाण्यांच्या लेखी एक तोंडाळ बाई.

साल शहाऐंशी. गिरण्यांचा संप होऊन चार वर्षं झाली होती. लालबाग-परळच्या खोल्या सोडून बरीच कोकणी माणसं दिंडोशीला डोंगराच्या उतारावरच्या नव्या इमारतींत राहायला आली होती. आम्हीही त्यातलेच. माझे वडील दशरथ गिरणीतून सुटले ते अंधेरीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. आई, जानकी, मरोळला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. मी शुभा, बारा वर्षांची, आणि माझी बहीण मालन सात वर्षांची. घरोघर हीच तऱ्हा. दिवसभर इमारतीत मोठं माणूस औषधालाही सापडायचं नाही.

चाळीत दाराला कुलूप लावायची कुणाला सवय नव्हती. इथे आल्यावर दाराला लॅच आली, पाठोपाठ प्रश्न आला की शाळेतून येणाऱ्या पोरांसाठी चावी ठेवायची कुणाकडे. पोरांच्या हातात चावी द्यायची कल्पना कुणाला सुचली नाही. पोरं हरवतात म्हणे. त्यावर आमच्या लोकांनी जो तोडगा काढला तो फक्त आमचेच लोक काढू जाणे. चाव्या गाववाल्याकडे ठेवायच्या. गाववाला म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो. बँकेतल्या साहेबावर विश्वास नाही, डॉक्टरवर नाही, सख्ख्या भावावर तर मुळीच नाही, पण आपल्या तालुक्यातला माणूस म्हटला की डोळे मिटून पोटची पोरं त्याच्या दारात उभी करायची.

आमचे गाववाले म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे गुणाजी बुवा. बायको गावी, मुलगा आखातात, गिरणी बंद पडल्यापासून घरीच. त्यांनी भिंतीवर एक फळी ठोकली होती, तिला खिळे, खिळ्याखाली खडूने खोलीचा नंबर, आणि प्रत्येक खिळ्यावर एका घराची चावी. लोक येऊन ती फळी बघायचे आणि कौतुक करायचे. किती व्यवस्थित माणूस!

शिवाय ते भजनी बुवा. पेटीवर बसले की आवाज थेट खालच्या बसथांब्यापर्यंत जायचा. गणपतीत आमच्याकडे डबलबारी व्हायची, म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकांची खेचतात. त्या वर्षी कांदिवलीच्या मंडळाशी बारी ठरली होती. पखवाजावर माझे वडील. इमारतीची सगळी इज्जत म्हणे त्या एका बारीवर लागली होती.

आता मुद्द्याचं. चावी मागायला गेलेल्या पोराला बुवा चावी लगेच द्यायचे नाहीत. "ये गो बाय, आत ये. पाणी पी, मगे जा," म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे. पुढचं मी लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना एवढ्यावर कळतं, आणि ज्यांना कळून घ्यायचंच नव्हतं त्यांच्यापुढे पोथी वाचली असती तरी त्यांनी टाळच वाजवला असता. पोरांनी आपापली अक्कल चालवली होती. कुणी आई येईपर्यंत जिन्यात बसायचं, कुणी मैदानात. मी मालनचा हात घट्ट धरून जायची, एक पाय उंबऱ्याच्या आत रोवायची म्हणजे दार लागत नसे, आणि तिथूनच ओरडायची, "बुवा, चावी!" दोन वर्षं मी असं निभावलं.

पण त्या जूनमध्ये मी आठवीत गेले आणि आठवीची शाळा दुपारची. मालन दुसरीत, तिची सकाळची. ती साडेबाराला घरी येणार तेव्हा मी शाळेत. म्हणजे चावी आणायला तिला एकटीला जावं लागणार. मला मे महिनाभर जेवण गेलं नाही.

मी आईला सांगितलं. सगळं नाही, जेवढं तोंडातून निघालं तेवढं. आई दमून आली होती. म्हणाली, "अगं, लाडाने बोलवतात. मोठ्या माणसाच्या मनात तसलं काही नसतं. असलं घाण बोलू नये." झालं. ती वाईट बाई नव्हती. तिला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं आणि चावी कुठेतरी ठेवायची होती, म्हणून बुवा चांगले असणं तिला भाग होतं.

शाळेला सुट्टी लागायच्या आधी तिथे एका साहेबांचं व्याख्यान झालं होतं. विषय, मुलांची सुरक्षितता. साहेबांनी तासभर सांगितलं की अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नका, अनोळखी माणसाबरोबर जाऊ नका, आणि घरातल्या मोठ्यांचं ऐका. मग आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या वसाहतीत अनोळखी माणूस झक मारायला येणार होता का? थांब्यापासून वीस मिनिटांचा चढ होता. आम्हाला चॉकलेट देणारी सगळी माणसं चांगली ओळखीची होती, आणि त्यांचं ऐका असंच साहेब सांगून गेले.

द्रौपदीबाई मात्र चॉकलेटबिकलेट कधी बोलल्या नाहीत. त्यांचं केंद्र म्हणजे निळ्या-पांढऱ्या रंगाची एक टपरी, एक जाळीची खिडकी, आणि बाहेर बाटल्यांचे क्रेट. आरेच्या जंगलातल्या रस्त्याने दुधाची गाडी सकाळी पावणेसहाला यायची आणि दुपारी पुन्हा तीनला. बाई काळ्या, उंच, हाडापेराने मजबूत. माहेर जालन्याकडचं. बहात्तरच्या दुष्काळात मुंबईत आल्या, वाकोल्याला मावशीकडे राहिल्या, रेल्वेत गँगमन असलेल्या कुंडलिकरावांशी लग्न झालं, आणि आमच्याच वसाहतीत सात नंबरच्या इमारतीत खोली लागली. त्या इमारतीत बौद्ध वस्ती जास्त. आमच्या इमारतीतले लोक सात नंबरचं नाव घेताना आवाज खाली आणायचे. दूध मात्र सगळ्यांना बाईंच्या हातचंच लागायचं, कारण दुसरं केंद्र मैलभर लांब होतं.

दूध आणायचं काम पोरांचं. सकाळी सहाला एका हातात रिकामी बाटली, दुसऱ्या हातात कार्ड घेऊन वीसेक पोरं रांगेत. आणि रांगेत दांडगाई. लवू नावाचा एक चौदा वर्षांचा धटिंगण होता. तो शेवटी येऊन पहिला उभा राहायचा. बारक्यांना ढकलायचा, बाटली फुटायची, आणि बाटली फुटली म्हणून बारक्याला घरी मार. लवूला कुणी विचारायचं नाही. बारक्याला विचारलं तर तो सांगायचा नाही. सांगितलंच तर बाप म्हणायचा, तू का नाही नीट धरलीस?

लोक मला पुढे विचारायचे की बाईंना लहानपणी काही भोगावं लागलं होतं का, म्हणून त्या पोरांसाठी एवढं करायच्या का. मीही एकदा विचारलं. त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की मी कार्ड उलटं धरलंय की काय असं मला वाटलं. म्हणाल्या, "बाटल्या फुटायच्या गं. रोज सकाळी काचा कोण झाडणार, तुझा बाप?"

तर एका सकाळी लवूने मालनला ढकललं. बाईंनी खिडकी बंद केली आणि बाहेर आल्या.

"काय झालं?" मालनला विचारलं.

मालन चपलेने माती उकरत राहिली.

"तोंड शिवलंय का? कुणी ढकललं?"

मालनने लवूकडे बोट केलं.

"बोट नको. नाव घे. काय केलं ते सांग. मोठ्यानं."

"लवूने... ढकललं," मालन पुटपुटली.

"मला ऐकू नाही आलं. आणि तुम्ही काय रे?" बाई सगळ्या रांगेकडे वळल्या. "तुमच्या डोळ्यांवर कातडं ओढलंय? ही बोलली की तिचं वाक्य सगळ्यांनी मागून म्हणायचं. नाही म्हटलं तर खिडकी उघडणार नाही. प्या कोरा चहा."

कोऱ्या चहाची धमकी कामाला आली. मालन पुन्हा म्हणाली, आणि वीस पोरांनी मागून गर्जना केली, "लवूने मालनला ढकललं!" समोरच्या इमारतीतले दिवे लागले. लवू कानापर्यंत लाल झाला आणि स्वतःहून रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

तो त्या रांगेचा कायदा झाला. जे झालं ते नाव घेऊन, मोठ्यानं, आणि एकाने म्हटलं की सगळ्यांनी मागून. रडायचं नाही, मारामारी नाही, चुगली नाही. बाई म्हणायच्या, चुगली कानात करतात, हे चारचौघांत आहे. महिनाभरात बाटल्या फुटायच्या बंद झाल्या. लवू तर कायद्याचा एवढा पक्का झाला की सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

मोठ्यांना हे पहिल्यांदा गंमत वाटलं. मग एके दिवशी आमचे सेक्रेटरी जयवंत परब आले आणि रांगेकडे ढुंकूनही न बघता थेट खिडकीत हात घातला. आमच्यातली एक चिमुरडी ओरडली, "परबकाका मधे घुसले!" आणि मागून वीस जण, "परबकाका मधे घुसले!" परबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या दिवसापासून द्रौपदीबाई पोरांना बिघडवतात, हे कमिटीत एकमताने ठरलं. एरवी त्या कमिटीचं पाण्याच्या टाकीवरही एकमत होत नसे.

जून उजाडला. पहिल्या आठवड्यात मी शाळेत बसायची आणि साडेबारा वाजले की माझं लक्ष वर्गातून उडायचं. संध्याकाळी मालनला विचारलं की ती म्हणायची, "मी नाही गेले वर." कुठे होती ते सांगायची नाही. ते मला बाईंकडून कळलं. एका सकाळी त्यांनी माझी रिकामी बाटली बदलून दिली नाही, हातातच धरून ठेवली.

"तुझी बहीण दुपारी इथं क्रेटवर बसलेली असते. दप्तर मांडीवर घेऊन, उन्हात. मी तीनला येते तोवर. घरी का जात नाही?"

"चावी बुवांकडे असते."

"मग?"

मी हातातलं कार्ड दुमडत राहिले.

"तू आणायचीस तेव्हा काय करायचीस?"

"पाय दारात ठेवायचे."

"हुशार आहेस," बाई म्हणाल्या. "पण ती सात वर्षांची आहे. तिचा पाय केवढा असणार?"

त्या दिवसापासून मालन शाळा सुटली की सात नंबरला बाईंच्या घरी जायला लागली. बाईंची मुलगी रतन तिला भाकरी-पिठलं वाढायची आणि झोपवायची. आणि रविवारी बाई आमच्या कमिटीच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. मी चहाचे कप घेऊन गेले होते, तशीच दाराशी थांबले. आत परब होते, आणखी चार जण होते, माझे वडील होते. बुवांना बोलावलं नव्हतं.

बाईंनी बसायचीही वाट बघितली नाही. बस म्हणालंही नव्हतं कुणी. "पोरांच्या चाव्या त्या म्हाताऱ्याकडून काढून घ्या. तो पोरांना आत घेऊन दार लावतो. पोरं घाबरतात."

मग परब म्हणाले, "पुरावा काय?"

"पुरावा रोज दुपारी माझ्या क्रेटवर बसायचा, दप्तर घेऊन. यांची पोरगी आहे," बाईंनी वडिलांकडे हात केला. "विचारा तिला. पण विचाराल तर नीट ऐका."

एकाने घसा खाकरला. दुसरा म्हणाला, गणपती दोन महिन्यांवर आलेत. तिसरा म्हणाला, आता बुवांना दुखावलं तर बारीला कोण बसणार, कांदिवलीवाले तोंडात शेण घालतील. ह्या शब्दांत म्हणाला. माझ्या कानांनी ऐकलंय. एका पारड्यात पोरं होती, दुसऱ्यात बारी होती, आणि आमच्या शहाण्या माणसांना वजन करायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

सगळ्यात शेवटी माझे वडील बोलले. "बाई, तुम्ही आमच्यातल्या नाही. आमच्या गाववाल्याला आम्ही ओळखतो. आणि माझी पोरगी तुमच्या घरी जेवते हे मला आज कळतंय. ते उद्यापासून बंद."

त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, मुलगी एका माणसाला घाबरून उन्हात बसते. दुसरी, ती सात नंबरमध्ये भाकरी खाते. त्यातली दुसरी त्यांना लागली. मी माझ्या बापाचा त्या दिवशी जेवढा तिरस्कार केला तेवढा नंतर बुवांचाही केला नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "ओळखता ना? मग ठीक." आणि निघाल्या. दारात माझ्या हातातल्या कपांकडे बघून म्हणाल्या, "निवला तो चहा. ओतून दे."

कमिटीने मग एक अर्ज लिहिला, की सदर बाईंची वर्तणूक बालमनावर अनिष्ट परिणाम करणारी असून त्यांना केंद्रावरून हलवावे. सह्या गोळा करायला सुरुवात झाली. घरी वडिलांनी फर्मान काढलं की मालन दुपारी चावी घेऊन घरीच बसेल. आईने मधे पडून पहिला महिना ढकलला. मावशी गोरेगावला राहायला आली होती, तिला दुपारची बोलावून घेतलं. पण मावशी श्रावणात गावी परत जाणार होती. ती निघायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी इमारतीचा सत्यनारायण होता. सोमवारपासून मालनला एकटीला वर जायचं होतं.

रांगेत मात्र तो महिना वाया गेला नाही. बाईंनी कायद्यात एक कलम वाढवलं. आता नुसतं ढकलण्याबद्दल नाही, कुणी बोलावलं आणि जायचं नसेल तरी तेच. स्वतः मोठं माणूस व्हायच्या आणि लाडिक आवाज काढायच्या, "ये बाळा, आत ये." पोराने ओरडायचं, "द्रौपदीबाई मला बोलावतात, मला जायचं नाही!" आणि रांगेने मागून.

"काकाचं पण नाव घ्यायचं?" लवूने विचारलं.

"काकाचं पण."

"आजोबांचं?"

"आजोबांचं पण."

"देवाचं?"

"देव रांगेत घुसला तर देवाचं पण घे," बाई म्हणाल्या. "कार्ड काढ."

मालनचा आवाज निघायचा नाही. रोज तिला दोनदा, तीनदा म्हणायला लावायच्या. "तुझा आवाज क्रेटच्या पलीकडे गेला नाही. परत." मालन रडकुंडीला यायची. बाईंना दया यायची नाही. मला त्यांचा राग यायचा. मग एका सकाळी मालन एवढ्या जोरात ओरडली की टपरीवरचा कावळा उडाला. बाई हसल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "हां. आता दूध घे."

सत्यनारायण रविवारी दुपारी झाला. तळमजल्याच्या मोकळ्या जागेत सतरंज्या, केळीचे खांब, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मधे पोरं. सात नंबरला आमंत्रण नव्हतं. कथा संपली, शिरा वाटून झाला, आणि साडेचारला भजनाला सुरुवात झाली. बुवा पेटीवर, वडील पखवाजावर, मागे कोरस धरायला आठ जण. बुवा एक ओळ म्हणायचे, कोरस ती उचलायचा. दोन अभंग झाले, लोक रंगात आले.

तिसऱ्याच्या आधी बुवांनी पाणी प्यायलं आणि समोर बसलेल्या मालनकडे बघून हात पुढे केला. "काय गो चेडवा, उद्यापासना तू येतलंस मा चावी न्यायला? ये, हयसर बस माझ्या मांडयेर. ये."

लोक कौतुकाने हसले. माझे वडीलसुद्धा हसले. परब मालनला म्हणाले, "जा गं, बुवा बोलावतायत."

मी आईच्या शेजारी बसले होते. मालन उठून उभी राहिली. मला वाटलं ती जाणार. मोठ्यांनी जा म्हटलं की जायचं, हेच आम्हाला जन्मापासून शिकवलं होतं. ती दोन पावलं पुढे गेली, थांबली, आणि तिने मुठी वळल्या.

"गुणाजी बुवा मला बोलावतात! मला जायचं नाही!"

मग मागून लवूचा फुटका आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळ्या पोरांचा. "गुणाजी बुवा मालनला बोलावतात! मालनला जायचं नाही!"

आणि तेव्हा माझ्या वडिलांनी पखवाजावर थाप मारली.

मी ते स्पष्ट बघितलं. चुकून नाही. पोरांचा आवाज बुडवायला त्यांनी दोन्ही हातांनी पखवाज बडवायला सुरुवात केली. कोरसमधल्या दोघातिघांनी टाळ उचलले आणि तेही बडवायला लागले. परब हातवारे करून आणखी जोरात, आणखी जोरात असं सांगत होते. स्वतःच्या पोटची सात वर्षांची पोरगी मुठी वळून ओरडतेय आणि बाप तिच्यावर पखवाज वाजवतोय, हे मी बघितलं आहे. पण समोर वीस पोरं होती, आणि महिनाभर रोज सकाळी सहाला तालीम झालेली. मालनने पुन्हा म्हटलं, पोरांनी पुन्हा म्हटलं. मग एका मुलाने स्वतःचं नाव घालून तेच म्हटलं. मग आणखी एकीने. मग मी उभी राहिले आणि माझं नाव घालून म्हटलं. दरवेळी रांगेने मागून. पखवाज थकला आणि थांबला. पोरं थांबली नाहीत.

बुवा पेटीच्या भात्याशी चाळा करत होते. एकाही पुरुषाने त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि पोरांकडेही बघितलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते, जणू कुणाचं तरी काही हरवलं होतं.

आई उठली. पदर खोचला आणि जिना चढायला लागली. तिच्या मागे शेजारच्या वसुधाकाकू उठल्या, मग आणखी दोघी, मग सगळ्याच. तिसऱ्या मजल्यावर बुवांचं दार उघडंच होतं. बायकांनी फळीवरची आपापली चावी काढली. ज्यांच्या घरची बाई कामावर होती त्यांच्याही चाव्या काढल्या. शेवटी फळीवर नुसते खिळे राहिले. खाली आल्यावर आईने आमच्या चावीत केळीच्या खांबाला बांधलेली सुतळी ओवली आणि मालनच्या गळ्यात घातली.

गणपतीत डबलबारी झाली नाही. बुवा त्याच आठवड्यात गावी गेले ते परत आले नाहीत. त्यांना कुणी जा म्हणालं नाही, तेवढी हिंमत आमच्या पुरुषांत असती तर हे लिहायची वेळच आली नसती. कांदिवलीवाल्यांना बुवांची तब्येत बरी नाही असं कळवण्यात आलं. अर्ज परबांच्या खणात तसाच राहिला. तो पाठवायचा तर कारण लिहावं लागलं असतं. पुढे दहा वर्षांनी केंद्र बंद पडलं तेव्हा बाई रतनकडे वाकोल्याला गेल्या. वसाहतीच्या रौप्यमहोत्सवात परबांच्या मुलाने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं होतं. बाईंनी निरोप धाडला, शाल नको, तेव्हा कुठे होता.

मला मात्र सांगायचीय त्या सोमवारची सकाळ. रविवारी आई वडिलांशी एक शब्द बोलली नाही. सोमवारी तिने बाटली वडिलांच्या हातात दिली. "आज दूध तुम्ही आणा. मुलींबरोबर जा."

वडील आमच्या पुढे दहा पावलं चालत होते. टपरीशी आल्यावर सवयीने सरळ खिडकीपाशी गेले. आत बाईंनी मान वर केली नाही. "रांग," एवढंच म्हणाल्या. वडील मागे आले आणि लवूच्याही मागे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते पोरांच्या रांगेत उभे होते. पोरं एकमेकांना कोपरं मारत होती, पण कुणी हसलं नाही.

मालन आणि मी आमच्या नेहमीच्या जागी, मधे. आमचा नंबर आला तेव्हा वडील पुढे सरकून आमच्या बाजूला आले आणि खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "बाई, काल जरा... चुकलं माझं."

"मला कशाला सांगता?" बाई म्हणाल्या. त्यांनी बाटली खाली ठेवली. "मी नव्हते तिथं. मला आमंत्रण नव्हतं. ही उभी आहे ना, हिला सांगा. इथला कायदा ठाऊक आहे? नाव घ्यायचं, काय केलं ते सांगायचं, मोठ्यानं."

वडील मालनकडे वळले. मालन त्यांच्याकडे बघत होती. गळ्यात सुतळी, सुतळीत चावी. लवू एक पाऊल पुढे आला. सगळी पोरं तयारीत उभी होती, वाक्य आलं की मागून म्हणायला.

वडिलांनी ओठ ओले केले. "दशरथने," ते म्हणाले.

"दशरथने!" रांग ओरडली, आणि थांबली.

आम्ही थांबलो. खिडकीत बाई थांबल्या. पुढचा शब्द आला नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, जणू तो शब्द माझ्याकडे असेल. माझ्याकडे होता. मी दिला नाही.

मग ते वळले आणि रिकामी बाटली हातात घेऊन चढ चढायला लागले. मालन थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने खिडकीत कार्ड पुढे केलं.